साउंड आणि नॉइज : ध्वनीचा गोंगाट कोण ठरवतो?

१/ इंग्रजीत ‘साउंड’ म्हणजे कोणताही ध्वनी आणि ‘नॉइज’ म्हणजे नकोसा ध्वनी. आज स्पष्ट वाटणारा हा भेद पूर्वी इतका ठळक नव्हता. तो कसा घडला, याचा हा इतिहास.

२/ दोन्ही शब्द नॉर्मन विजयानंतर (१०६६) फ्रेंचमधून इंग्रजीत आले. ‘साउंड’चे मूळ लॅटिन ‘सोनस’, म्हणजे ध्वनी. ‘नॉइज’चे मूळ वादग्रस्त आहे, अनेक अभ्यासक ते ‘नॉसिया’, म्हणजे बोट लागल्यावर होणारी मळमळ, या शब्दाशी जोडतात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ भांडण, कलह असाही होता.

३/ तरीही शेक्सपिअरच्या काळात वादकांच्या ताफ्याला ‘नॉइज’ म्हणत. १६११ च्या किंग जेम्स बायबलात तर ईश्वरस्तुतीच्या आनंदघोषासाठीही हाच शब्द योजला आहे.

४/ एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये मात्र या शब्दावरून संघर्ष पेटला. गणनयंत्राचा प्रवर्तक चार्ल्स बॅबेज रस्त्यावरील वादकांमुळे त्रस्त होता. हाताने फिरवायची ऑर्गन वाजवणाऱ्यांत गरीब इटालियन स्थलांतरित पुष्कळ होते. मायकेल बास या खासदाराच्या पुढाकाराने १८६४ मध्ये कायदा झाला. त्याला चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकांचाही पाठिंबा होता. आजारपण किंवा कामातील व्यत्यय अशा कारणांसाठी वादकाला हटवण्याचा अधिकार घरमालकाला मिळाला.

५/ बॅबेजनेच या संगीताच्या आश्रयदात्यांची यादी दिली आहे. तीत दारूगुत्तेवाले, नोकरचाकर आणि मुले आहेत. म्हणजे जे सूर अभ्यासिकेत उपद्रव ठरत, तेच स्वयंपाकघरात करमणूक होते. कायद्याने कान मोजले ते अभ्यासिकेतले. वादकाची भाकरी त्या हिशेबात नव्हती.

६/ याच सुमारास, १८६३ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने वेगळी रेषा आखली : नियमित कंपनांतून संगीताचा स्वर, अनियमित कंपनांतून गोंगाट. १८७५ च्या इंग्रजी अनुवादात त्या गोंगाटासाठी ‘नॉइज’ हाच शब्द आला. या व्याख्येने ऑर्गनचे सूर संगीतच ठरतात! विज्ञान आणि कायदा एकाच शब्दाचे दोन न्याय करत होते.

७/ पुढे अभियंत्यांनी हा शब्द कानापासूनही सोडवला. १९४८ मध्ये क्लॉड शॅननच्या संदेशवहन सिद्धांतात ‘नॉइज’ म्हणजे संदेश बिघडवणारा कोणताही अडथळा.

८/ भारतात २००० साली ‘नॉइज पोल्यूशन’चे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. मराठीत त्यालाच ‘ध्वनिप्रदूषण’ म्हणतात. गोंगाट, गलका, कोलाहल असे नेमके शब्द हाताशी असताना तटस्थ ‘ध्वनी’ रूढ झाला.

९/ यंत्र आवाजाची पातळी सांगते. तो कोणाला नकोसा आहे, हे सांगत नाही. मर्यादेचा आकडा माणसेच ठरवतात. म्हणून ‘नॉइज’ हा शब्द कानी पडला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी विचारावे : कोणाच्या कानांना?