नानांची पेटी

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. डोंबिवलीत हल्ली हे घरोघरचंच. महिनाअखेर जागा सोडायची म्हणून माळा रिकामा करताना गोणपाटात गुंडाळलेली नानांची लाउडस्पीकरची पेटी खाली आली. भंगारवाल्याने ती उचलून पाहिली आणि तांब्या-लोखंडाच्या वजनाने भाव सांगितला. मी म्हटलं, थांब जरा.

नाना, म्हणजे आमचे वडील, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात होते. सणासुदीला ही पेटी ते भाड्याने देत. एकाच लाकडी खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, बाहेरून फक्त मायक्रोफोन जोडायचा. ही रचना तशी बरीच जुनी. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलचा लाउडस्पीकर मांडला आणि पुढच्याच वर्षी 'रेडिओला १०४' या नावाने तो आत अ‍ॅम्प्लिफायर बसवून बाजारात आला. चांगला कायमचा चुंबक तेव्हा महाग, म्हणून स्पीकरमागे तारेचं मोठं वेटोळं असे. त्यातून वीज खेळली की चुंबक तयार. तेच वेटोळं विजेतली घरघर गाळायलाही उपयोगी पडे. एका खर्चात दोन कामं, अगदी आमच्या आजीचा हिशेब! महायुद्धानंतर कायमचे चुंबक सर्रास झाले आणि ही वेटोळी गेली. नानांची पेटी वेटोळ्याची, तीही जुन्या बाजारातून घेतलेली.

त्या पिढीला लाउडस्पीकरचं अप्रूप होतं. गांधीजी-नेहरूंच्या सभांचे जुने फोटो पाहा, मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसेल. नाव अमेरिकेचं, पण कंपनी आपल्या मुंबईतली, मोटवानींची. १९३१ च्या कराची अधिवेशनापासून नानिक मोटवानी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवत. उषा मेहतांच्या गुप्त काँग्रेस रेडिओवर १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली, त्या खटल्यात तेही आरोपी होते; पुढे निर्दोष सुटले. नाना हे सांगताना असा सूर लावत, की जणू तेही त्याच धंद्यातले. एका पेटीच्या जोरावर!

आता मूळ गोष्ट. १९६१ चा गणेशोत्सव. मी अकरा वर्षांचा. कीर्तन सुरू झालं आणि दहा-पंधरा मिनिटांत पेटीचा आवाज फाटला. बुवा गातात की रडतात कळेना. मंडळाने भाडं दिलं नाही. आदल्याच दिवशी पेटीची मागची फळी काढून व्हॉल्व्ह हाताळताना मी सापडलो होतो, त्यामुळे चौकशीची गरजच पडली नाही. नानांनी दोनदा नवा व्हॉल्व्ह आणला, ते पैसे त्या काळी थोडे नव्हते. दहा मिनिटं बरी चाले, मग पुन्हा तेच. शेवटी पेटी माळ्यावर गेली. नाना कधी फारसं बोलले नाहीत, पण घरात काही बिघडलं की आधी माझ्याकडे बघत. मी पुढे मराठी घेऊन बी. ए. झालो. वायरींच्या वाटेला गेलो नाही.

माझा एक जुना विद्यार्थी दुरुस्तीची कामं करतो. तो आला. पेटी थेट प्लगला न लावता त्याने शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडला. बल्ब भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. तो एकदा भपकन पेटला आणि मंदावला. मग पेटीतून घुंऽऽ सुरू झालं. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी ते कमी होईना. म्हणजे दोष बटणाच्या पुढचा.

"सर, हा शंभराचा सूर आहे," तो म्हणाला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्ध वापरतो, म्हणून गाळणीपाशी १०० होतात, सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे गाळणीचे कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकले होते. पेटी बंद केल्यावरही त्यांत तीनशे व्होल्ट राहू शकतात, म्हणून ते आधी रिकामे केले. लॅमिंग्टन रोडवरून नवे आणून बसवले, घुमघुम गेली. मोबाइल जोडून गाणं लावलं, छान चाललं.

आणि दहा मिनिटांनी आवाज फाटला. तोच आवाज! मी खुर्चीतून उठलोच.

त्याने शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे जिथून त्याला आवाजाचा संकेत मिळतो तिथे, मीटर लावला. तिथे शून्य हवं होतं, पण धन व्होल्टेज होतं आणि पेटी तापेल तसं चढत होतं. अलीकडचा मेण लावलेला कागदी कंडेन्सर गळत होता. त्यातून आलेल्या व्होल्टेजने व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर वीज ओढायचा, तापायचा आणि आवाज फाडायचा. हा कंडेन्सर थंड असताना साध्या मीटरने तपासला तर ठणठणीत दिसतो. तीनशे व्होल्ट आणि उष्णता मिळाली की गळतो. जुना काट्याचा मीटर ग्रिडला लावला तर तो स्वतःच तिथलं व्होल्टेज खाली ओढतो. नानांना ते दिसणार कसं? कंडेन्सरची सोल्डर कारखान्यातली होती, कोणी हात लावलेला नव्हता. मीसुद्धा.

नवा कंडेन्सर बसवल्यावर पेटी दोन तास वाजली.

रात्री नाशिकला दादाला फोन केला. तो आता ऐंशीच्या पुढे आहे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे नानांचे त्या दोन व्हॉल्व्हचे पैसे फुकटच गेले की रे."