भाड्याची खोली आणि जोखमीचे वाटप

मुंबईच्या चाळींविषयी आपण लिहितो ते बहुधा भाडेकरूच्या बाजूने. ते स्वाभाविकच आहे. आपले आजे-बाप भाडेकरूच होते. परंतु खोली भाड्याने देणे हा गुंतवणुकीचा धंदा होता व आहे. त्यातली जोखीम मालकाने कोणाच्या अंगावर ढकलली, हे तपासल्याशिवाय चाळीचा इतिहास पुरा होत नाही. नोकरीला लागलेले माझे काही विद्यार्थी आता कर्ज काढून दुसरे घर घ्यावे व भाड्याने द्यावे, असे बोलू लागले आहेत. म्हणून हा प्रश्न अधिकच जवळचा.

गिरणगाव वाढत होते तेव्हा चाळमालकाला भीती दोनच: खोली रिकामी राहण्याची आणि भाडे बुडण्याची. त्याने काढलेला तोडगा म्हणजे कमी जागेत जास्त खोल्या, सामायिक नळ-संडास आणि एका खोलीत किती माणसे झोपतात याकडे काणाडोळा. पोटभाडेकरू ठेवून कामगार भाडे भागवी. मालकाची जोखीम अशी भाडेकरूच्या फुप्फुसात उतरली. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी पुढे कित्येक वर्षे संसार केला.

सरकारही या धंद्यात उतरले. १९२० साली विकास खाते निघाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून ५०,००० खोल्या बांधायचे ठरले. २०७ चाळी, सुमारे १६,००० खोल्या झाल्या आणि काम थांबले. वरळी गिरण्यांपासून लांब. तिथल्या पुष्कळ खोल्या ओस पडल्या, आणि कायदेभंगाच्या काळात काही चाळींचा चक्क तुरुंग झाला! जागा कुठे आहे हे न पाहता बांधणाऱ्याचे असे होते. सरकारची तिजोरी मोठी म्हणून तिला ते पेलले. हप्ते फेडणाऱ्या शिक्षकाला सहा महिने रिकामे घर पेलत नाही.

भाडेनियंत्रण १९१८ साली आले. १९४७ च्या कायद्याने भाडे १९४० च्या पातळीला बांधले. कामगाराच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. मालकाने मात्र दुरुस्ती सोडली आणि पागडी घेतली. पागडी म्हणजे एकरकमी रोकड. जवळ रोकड नाही, आडनावही चालणारे नाही, अशा माणसाला कायद्याचे संरक्षण मिळणार तरी कोठून? तो आधीच दाराबाहेर!

कारण जात ही या धंद्यातली हिशोबवहीत न दिसणारी बाब आहे. १९१७ साली बडोद्यात परदेशी पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना भाड्याच्या जागेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. प्राध्यापकी मिळाल्यावर मीही खोल्या पाहिल्या. एका मालकाने पगार विचारला, हसला; आडनाव ऐकले आणि खोली 'भावासाठी राखून ठेवलेली' निघाली.

पण आपला माणूस मालक झाल्याचे उदाहरणही बाबासाहेबांचेच आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी दोन इमारती उभारल्या: राजगृह राहण्यासाठी, चार मिनार भाड्याने देण्यासाठी. चार मिनार त्यांनी १९४१ साली विकली, राजगृह ठेवले. राहते घर आणि उत्पन्नाचे घर वेगळे असल्यामुळेच हे शक्य झाले. विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो: राहते घर गहाण टाकून दुसरे घेऊ नका. भाड्यातून सगळा हप्ता फिटेल, असे धरू नका. घरपट्टी, दुरुस्ती, रिकामे महिने आधी वजा करा. आणि करार तोंडी ठेवू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तो नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचे काम मालकावर येते.

त्यावर एकाने विचारले, "सर, भाडेकरू मुसलमान असला तर सोसायटी कुरकुर करील, मग?" मी त्याला त्याने स्वतः किती घरे पाहिली होती ते विचारले. अकरा, म्हणाला.