भोपाळचे वायुपीडित आणि २०२० ची महामारी : न झालेल्या यादीचा इतिहास

प्रास्ताविक

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ भारतात पसरू लागली तेव्हा जुने आजार असलेल्यांना सर्वत्र एकच सल्ला देण्यात आला : घराबाहेर पडू नका, स्वतःला जपा. मे २०२० मधील टाळेबंदीच्या नियमांत केंद्र सरकारने ६५ वर्षांवरील व्यक्ती, जुने आजार असलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी घरातच राहावे असे स्पष्ट म्हटले होते. सल्ला योग्यच होता. परंतु तो पाळण्यासाठी तीन गोष्टी लागतात. धोका नेमका कोणाला आहे याची नोंद असावी लागते, नेहमीचे औषधोपचार चालू राहावे लागतात आणि घरात बसून चूल पेटेल अशी सोय असावी लागते. या तिन्ही गोष्टींचा कस भोपाळ शहरात लागला. १९८४ च्या वायुदुर्घटनेतून वाचलेल्या लोकांना २०२० मध्ये काय भोगावे लागले आणि त्याची मुळे मागील छत्तीस वर्षांच्या कारभारात कशी होती, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दुर्घटना आणि तिची वर्गवारी

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइड कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड, टीला जमालपुरा या दाट वस्त्यांवर तो पसरला. येथे राहणारे हिंदू-मुस्लिम बहुतांशी हातावर पोट असलेले होते. शहराच्या तत्कालीन ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त ठरविण्यात आले. तात्काळ झालेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा प्रारंभी २,२५९ होता, तो पुढे ३,७८७ झाला. पीडितांच्या संघटनांच्या मते खरी संख्या याहून पुष्कळ मोठी आहे. जखमींची संख्या सरकारने २००६ मध्ये न्यायालयात ५,५८,१२५ अशी सांगितली.

फुप्फुसांना कायमची इजा, डोळ्यांचे विकार, दम लागणे, थकवा अशा तक्रारी घेऊन हे लोक जगत राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ पासून सुमारे ऐंशी हजार लोकांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, तो १९९४ मध्ये थांबला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे दाव्यांची छाननी होऊन बहुसंख्य पीडितांची इजा ‘तात्पुरती’ या वर्गात टाकण्यात आली आणि त्यांच्या हाती सुमारे २५ हजार रुपये पडले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उरलेले सुमारे १,५०३ कोटी रुपये त्याच प्रमाणात वाटण्यात आले. रक्कम वाढली, पण वर्ग बदलला नाही. ‘तात्पुरती इजा’ हे दोन शब्द कागदावर कायम राहिले.

हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. ज्याची इजा तात्पुरती, तो कागदोपत्री कधीतरी बरा झालेला असतो. मग नवी साथ आली की जास्त धोक्याच्या माणसांत त्याची गणना कोण करणार?

एक रुग्णालय आणि एक आदेश

युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीतील समभागांच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या निधीतून भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर स्थापन झाले. सुमारे ३५० खाटांचे हे रुग्णालय मुख्यतः वायुपीडितांसाठी होते. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड अशा विकारांचे तज्ज्ञ उपचार त्यांना तेथे विनामूल्य मिळत.

या रुग्णालयाच्या आणि एकूणच वैद्यकीय पुनर्वसनाच्या प्रश्नावर भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेने न्यायालयात प्रदीर्घ लढा दिला. संघटनेचे संस्थापक अब्दुल जब्बार हे स्वतः वायुपीडित होते. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्यावे, सर्व वैद्यकीय नोंदी संगणकावर आणाव्यात, असे त्यात होते. इतिहासाच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. कोणाला कोणता आजार आहे, तो कोठे राहतो, त्याला कोणते औषध चालू आहे, हे सांगू शकणारी यादी तयार करण्याचाच तो आदेश होता. त्याची पुरती अंमलबजावणी मात्र झाली नाही. अवमानाचा प्रश्न २०२३ मध्येही उच्च न्यायालयापुढे होता. जब्बारभाई १४ नोव्हेंबर २०१९ रोजी वारले. दोन महिन्यांनी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली आणि आणखी दोन महिन्यांत साथ शहरात येऊन पोहोचली.

मार्च ते डिसेंबर २०२०

पीडितांच्या संघटनांनी २१ मार्च २०२० रोजीच सरकारला पत्र लिहून इशारा दिला होता की, वायुपीडितांची फुप्फुसे आधीच दुबळी असल्याने या आजाराचा त्यांना इतरांपेक्षा कितीतरी अधिक धोका आहे. दोनच दिवसांनी राज्य सरकारने त्यांचे हेच रुग्णालय कोरोना उपचारांसाठी ताब्यात घेण्याचा आदेश काढला. दाखल रुग्णांना घरी पाठविण्यात आले, बाह्यरुग्ण विभाग बंद झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती, वाहने बंद होती. डायलिसिसवर असलेल्या किंवा श्वासाच्या विकाराने त्रस्त माणसाने जावे कोठे, हा प्रश्न होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि एप्रिलच्या मध्यास आदेश मागे घेण्यात आला. ज्यांना सर्वाधिक जपायचे, त्यांचाच आधार साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत काढून घेतला गेला होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरातील पहिला कोरोनामृत्यू झाला. ती व्यक्ती वायुपीडित होती. पुढचे मृत्यूही मोठ्या प्रमाणात पीडितांचेच असल्याचे संघटनांनी दाखवून दिले. दुर्घटनेच्या छत्तिसाव्या स्मृतिदिनी, डिसेंबर २०२० च्या आरंभी, दोन आकडे समोर आले. जिल्ह्यातील ५१८ कोरोनामृत्यूंपैकी १०२ वायुपीडित होते, असे सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितले. संघटनांच्या मते ही संख्या २५४ होती. एकाच शहरातील, एकाच वर्षातील मृत्यूंच्या मोजणीत एवढे अंतर का पडावे? नोंदी पूर्ण आणि एकत्र नव्हत्या, हे त्याचे एक मोठे कारण मानावे लागेल. १९८४ च्या मृतांच्या आकड्यांतही असेच अंतर होते.

घरात राहणेही सोपे नव्हते. एका खोलीत पाच-सात माणसे राहत असतील, तर आजाऱ्याला वेगळे ठेवायचे कोठे? रोजंदारी थांबली होती. दुर्घटनेत पती गमावलेल्या विधवांना मिळणारे दरमहा हजार रुपयांचे निवृत्तिवेतन २०१९ पासून बंद होते. ते पुन्हा सुरू करण्याची घोषणा ३ डिसेंबर २०२० रोजी झाली. म्हणजे साथीचे पहिले नऊ महिने या वृद्ध स्त्रियांनी त्या आधाराविना काढले. वस्तीपातळीवर मात्र काम चालू होते. १९९६ पासून पीडितांवर विनामूल्य उपचार करणारे संभावना क्लिनिक आणि संघटनांचे कार्यकर्ते यांना घरोघरचे आजार माहीत होते. सरकारी दप्तरात अपुरी असलेली यादी त्यांच्या स्मरणात होती.

तुलनेसाठी एक उदाहरण

मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेने अत्यंत जोखमीच्या सुमारे १५ लाख लोकांना पत्रे पाठवून घरातच राहण्यास सांगितले. धान्य व औषधे घरपोच देण्याची व्यवस्था केली. त्या योजनेतही उणिवा होत्या आणि त्या देशानेही मोठी जीवितहानी सोसली. तरीही पत्र पाठविणे शक्य झाले, कारण डॉक्टरांकडे रुग्णांच्या नोंदी होत्या. भोपाळला अशी यादी तयार करणे अशक्य नव्हते. प्रभाग ठरलेले होते, दावेदारांची नावे होती, रुग्णालयाची कार्डे होती, न्यायालयाचा आदेशही होता. या सगळ्याची सांगड घालण्याचे काम तेवढे राहिले होते.

समारोप

साथीत झालेले हे मृत्यू म्हणजे आपली इजा कायमची असल्याचा पुरावा होय, असे पीडितांच्या संघटनांनी सांगितले आणि वाढीव भरपाई मागितली. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाईसाठीची केंद्राची याचिका फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला असेल, इतिहासाच्या दृष्टीने संपलेला नाही. ‘तात्पुरती’ ठरविलेली इजा छत्तीस वर्षांनंतर माणसाच्या श्वासाशी कशी येऊन भिडते, हे २०२० ने दाखवून दिले.

महाविद्यालयीन अध्यापकांना यातून एक काम घेता येईल. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत, मोहल्ल्यांत जुन्या आजारांसह ही साथ काढलेली माणसे आहेत. त्यांनी औषध कसे मिळविले, घरात वेगळे कसे राहिले, कोणी डबा आणून दिला, याच्या आठवणी अजून ताज्या आहेत. इतिहास किंवा समाजशास्त्राच्या प्रकल्पातून त्या तारखांसह, संबंधितांच्या संमतीने लिहून ठेवता येतील. दफनभूमी व स्मशानाच्या नोंदवह्या, मोहल्ला समित्यांचे मदतीचे हिशेब हीदेखील उपयुक्त साधने आहेत. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा कोणाला जपायचे, हे सांगणारा कागद तयार असला पाहिजे. भोपाळमध्ये तो वेळेवर तयार झाला नाही आणि त्याची किंमत ज्यांनी १९८४ मध्ये मोजली होती त्यांनीच पुन्हा मोजली.