घर आणि शाळा : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रियांच्या गृहशिक्षणाचा विचार

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सामान्यतः शाळांच्या स्थापनेच्या क्रमाने सांगितला जातो. 1824 साली मुंबईत अमेरिकन मिशनने काढलेली मुलींची शाळा, 1848 साली पुण्यात जोतीराव फुले यांनी सुरू केलेली शाळा आणि 1884 सालचे हुजूरपागेतील हायस्कूल हे त्या क्रमातील ठळक टप्पे होत. हा क्रम खरा असला तरी अपुरा आहे. ज्या स्त्रियांनी पुढे या प्रांताचे सार्वजनिक जीवन घडविले त्यांपैकी कित्येकींचा विद्यारंभ शाळेत झाला नाही. तो घरात झाला. गृहशिक्षणाने या स्त्रियांना काय दिले, आणि ते मिळूनही त्या शाळेकडे का वळल्या, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

या शिक्षणाचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (1858–1922). त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपले गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकवीत असलेले पाहिले होते, आणि त्यावरून आपल्या पत्नीस शिकविण्याचा निश्चय त्यांनी केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो घरच्यांच्या विरोधामुळे फळास आला नाही. द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना मात्र त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना पंडितांसमोर शास्त्राधार मांडावा लागला. पुढे हे कुटुंब सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात राहिले, आणि तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. वडील वृद्ध झाल्यामुळे मुलीस शिकविण्याचा भार आईवर आला. घरकाम आणि विद्यार्थ्यांची सोय यांत दिवस जात असल्यामुळे लक्ष्मीबाई मुलीला पहाटे अंधारातच उठवून पाठ देत असत. यात ठराविक पुस्तक नव्हते, इयत्ता नव्हती, परीक्षाही नव्हती. ऐकणे, म्हणणे आणि स्मरणात ठेवणे हीच पद्धती होती. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विद्वत्तेस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले ती विद्वत्ता त्या काळी मुलींच्या कोणत्याही शाळेत मिळण्यासारखी नव्हती. गृहशिक्षणाचा आनंद आणि त्याचे सामर्थ्य येथे एकत्र दिसतात. रमाबाईंनी 1887 साली प्रसिद्ध केलेला आपला इंग्रजी ग्रंथ आईच्या स्मृतीस अर्पण केला, यातील अर्थ स्पष्ट आहे.

तथापि जेथे शिक्षक हा पती होता तेथे चित्र इतके सरळ नव्हते. 1873 साली वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास रमाबाई रानडे सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना प्रथम मराठी व नंतर इंग्रजी शिकविले. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथावरून या शिक्षणाची किंमत कळते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे वाचन खपत नसे. टोमणे आणि अबोला हे तिच्या नित्याचेच झाले होते. रानडे वडीलधाऱ्यांशी वाद करीत नसत, पण पाठही थांबवीत नसत. परिणामी रात्री पतीची विद्यार्थिनी आणि दिवसा सासरची सून अशा दोन भूमिकांचा ताण त्या लहान मुलीलाच सोसावा लागे. शाळा निदान घराबाहेर असते. येथे शाळा आणि तिचा विरोध एकाच छपराखाली नांदत होते.

आनंदीबाई जोशी (1865–1887) यांच्या बाबतीत हा ताण अधिक कठोर झाला. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतला, मधून मिशनच्या शाळेचाही आधार घेतला, आणि अखेर 1883 साली तिला एकटीला अमेरिकेस पाठविले. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. ही पदवी त्यांना मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. परंतु ज्या हाताने पाटी दिली तोच हात मारण्यासाठीही उठत असे, ही गोष्ट आनंदीबाईंनी स्वतः पतीला लिहिलेल्या पत्रातून उघड होते. गुरू आणि पती यांची सत्ता एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटली म्हणजे शिष्येला दाद मागण्यास जागा उरत नाही. गृहशिक्षणाचा हा दोष त्याच्या यशामुळे झाकला जाऊ नये.

दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची होती. घरात शिकविण्यासाठी घरात विद्या असावी लागते. डोंगरे, रानडे, जोशी ही सर्व ब्राह्मण घराणी होती. सावित्रीबाई फुले (1831–1897) यांचे उदाहरण या चौकटीबाहेरचे आहे. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले. परंतु या दांपत्याने ती विद्या घरात ठेवली नाही. ज्या असंख्य घरांत शिकविणारे कोणीच नव्हते त्यांच्यासाठी शाळा हाच एक मार्ग होता, हे त्यांनी सर्वांआधी ओळखले.

घरी शिकलेल्या इतर स्त्रियांची वाटचालही अखेर याच दिशेने झालेली दिसते. 1882 साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका तयार करण्याची आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याची मागणी केली. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. पुढे 1920 च्या सुमारास पुणे नगरपालिकेच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून मुलींना वगळण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्याविरुद्धच्या स्त्रियांच्या चळवळीचे नेतृत्व त्यांनीच केले. जिला स्वतःला शाळेचा लाभ झाला नव्हता तिने प्रत्येक मुलीसाठी शाळेची सक्ती मागावी, यात विसंगती नाही. आपले शिक्षण एका असामान्य पतीच्या इच्छेवर अवलंबून होते, याची तिला पूर्ण जाणीव होती.

सारांश, गृहशिक्षणाने एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रास काही असामान्य स्त्रिया दिल्या, पण त्यांचे शिक्षण हा दैवयोग होता. पित्याचा निश्चय, आईची पहाट किंवा पतीचा हट्ट यांपैकी काही तरी लाभले तरच ते शक्य होते. ज्यांना तो योग लाभला त्यांनीच तो पुढच्या पिढीसाठी हक्क व्हावा म्हणून संस्था उभारल्या. म्हणून घर आणि शाळा हे या इतिहासात परस्परविरोधी पक्ष मानता येत नाहीत. महाराष्ट्रातील मुलींच्या शाळेच्या पायाचे काही दगड घरातच घडविले गेले होते.