सेंधव्याचा घाट आणि खानदेशातील खजिनालूट

एकोणिसाव्या शतकात खानदेशातून जाणारा सरकारी खजिना दीर्घकाळ रस्त्यानेच नेला जाई. मुंबई–आग्रा मार्ग धुळे आणि शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या घाटाने सातपुड्यात शिरतो. या घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असे आणि त्याबद्दल त्यांचे मोबदल्याचे हक्क ठरलेले असत. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा हे हक्क वादात सापडले. हक्क थांबले की राखणदारच वाटमारीला उतरत.

नुसत्या फौजेने हा प्रश्न सुटेना, तेव्हा १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभारली. सुरुवातीला तिच्यात अवघे नऊ भिल्ल दाखल झाले. औट्रम त्यांच्यासोबत जंगलात राहिला, शिकारीला गेला आणि त्याने त्यांचा विश्वास मिळवला. डोंगराच्या वाटा, पाणवठे आणि लपण्याच्या जागा या शिपायांना तोंडपाठ होत्या. त्यामुळे पाठलागाचे काम त्यांच्यावर सोपवले गेले.

सेंधवा घाटाच्या पहाऱ्यावर गुमान नाईक आणि त्यानंतर त्याचा मुलगा खाज्या नाईक होता. एका संशयिताच्या मृत्यूप्रकरणी खाज्याला तुरुंगवास झाला. सुटल्यावर तो पुन्हा सरकारी कामावर रुजू झाला, पण १८५७ च्या उठावाची बातमी येताच त्याने चाकरी सोडली. दुसरा भिल्ल नाईक भीमा हाही त्याला मिळाला. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांच्या माणसांनी सेंधवा परिसरात सुमारे सात लाख रुपयांचा खजिना लुटला. पहाऱ्याची रीत आतून जाणणाऱ्यानेच तो पहारा मोडला होता.

११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे इंग्रजी फौजेने बंडखोरांना गाठले. लढाईनंतर अनेक कैद्यांना लष्करी न्यायालयाच्या झटपट निकालाने गोळ्या घालण्यात आल्या आणि चारशेहून अधिक स्त्रिया पकडल्या गेल्या. दोघे नाईक मात्र निसटले. १८६० मध्ये खाज्या नाईक विश्वासघाताने मारला गेला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला गेला आणि त्याची रवानगी अंदमानात झाली. सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवले. सातपुड्याने त्यांना स्वातंत्र्यवीर मानले. हा मान न्याय्य आहे, कारण त्यांची लढाई हिरावलेल्या हक्कांसाठी होती.

दरम्यान खजिना नेण्यासाठी रेल्वेचा पर्यायही आला: १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव–भुसावळपर्यंत पोहोचली. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले. तरीही तालुक्यांचा खजिना पुढे कित्येक वर्षे रस्त्यानेही जात राहिला. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटला. जी. डी. बापू लाड यांच्यासह साताऱ्याच्या प्रतिसरकारचे (इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारचे) कार्यकर्ते या मोहिमेत होते, आणि पैसा स्वातंत्र्यलढ्यासाठी हवा होता.