लेपाची पारख

माती ओळखणे ही आपल्या व्यवसायाची पहिली पायरी होय. परंतु भांड्यावर द्यावयाच्या लेपाची पारख त्याहून कठीण. पाण्यात कालवून वस्त्रगाळ केलेले दोन लेप शेजारी ठेवले, तर ते पुष्कळदा सारखेच दिसतात. त्यांचा भेद प्रकट होतो तो आव्यात. आणि तोवर चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. या बाबतीत प्राचीन ग्रीसमधील आपल्या समव्यवसायी लोकांचा इतिहास मननीय आहे.

इसवी सनापूर्वी सहाव्या व पाचव्या शतकांत अथेन्सच्या केरामेइकोस या कुंभारवाड्यात तांबड्या-काळ्या चित्रांची भांडी घडत असत. त्यांवरील काळा भाग हा निराळा रंग नव्हे. माती पाण्यात ढवळून जड कण तळाशी बसू द्यावयाचे व वर राहिलेला अतिसूक्ष्म अंश तेवढा घ्यावयाचा. हाच त्यांचा लेप. भाजण्यापूर्वी भांड्याच्या व लेपाच्या रंगात फारसे अंतर नसे. भट्टीत प्रथम हवा मोकळी खेळू देत, तेव्हा सर्वच तांबडे होई. मग हवेची द्वारे बुजवून, ओले सरपण घालून उष्णता सुमारे ९०० अंशांच्या वर नेत. तेव्हा सर्वच काळे पडे व लेपाचे सूक्ष्म कण एकजीव होऊन काचेसारखे मिटत. अखेरीस पुन्हा हवा सोडली की, भांड्याचे सच्छिद्र अंग तांबडे होई. मिटलेल्या लेपात मात्र हवा शिरत नसे, म्हणून तो काळाच राही.

मोकळ्या जाळावर मडके तांबडे आणि धुरात कोंडल्यास काळे, हे आपणांस नवीन नाही. त्या कारागिरांनी एकाच भाजणीत दोन्ही साधले, ते केवळ कणांच्या सूक्ष्मतेच्या जोरावर. तथापि ही विद्या पुढे लुप्त झाली. थिओडोर शूमान या जर्मन रसायनज्ञाने १९४२ साली तिचा उलगडा केला, तोवर शेकडो वर्षे लोटली होती.

यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. लेप बोटांत चोळून त्याचा कस सांगणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. परंतु त्यांचे ज्ञान बोटांतच राहिले, तर त्यांच्याबरोबरच ते जाईल. यास्तव प्रत्येक लेप खापरावर लावून भाजावा, ते खापर त्याच लेपाच्या भांड्याला बांधून ठेवावे, आणि माती कोठली, ती किती वेळ निवळू दिली, आवा कसा लावला, हे वहीत टिपावे. तरुणांनी लेखणी धरावी व वडिलांनी सांगावे. आपल्या मुलाबाळांसाठी याहून मोलाचा ठेवा तो कोणता?