जुन्या खेळयंत्राचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला कीं शिलालेख, ताम्रपट आणि लढायांच्या बखरी आपल्या डोळ्यांपुढें येतात. मुलें ज्या वस्तूशीं खेळलीं तिचाहि इतिहास असतो, असें म्हटल्यास पुष्कळांस हंसूं येईल. परंतु मोहेंजोदडो येथें सांपडलेल्या मातीच्या खेळण्यांतील गाड्या पाहूनच आपण तेथील खऱ्या गाड्यांची कल्पना करतों. मग विसाव्या शतकांतील खेळण्यांनींच काय अपराध केला आहे? टेलिव्हिजनला जोडून खेळावयाचें जुनें व्हिडिओ गेमचें यंत्र घरीं उघडून, कापून, तें हातांत धरून कोठेंहि नेतां येईल असें बनविणारे कांहीं हौशी कारागीर आहेत. जुनी वस्तु जतन करणें म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न त्यांच्या उद्योगानें आमच्यापुढें उभा केला आहे.

या यंत्राचे मूळ पुरुष राल्फ बेअर. ते १९२२ सालीं जर्मनींत एका ज्यू कुटुंबांत जन्मले, आणि नाझींच्या जाचामुळें १९३८ सालीं हें कुटुंब अमेरिकेस गेलें. पुढें न्यू हॅम्पशायरमधील एका लष्करी उपकरणांच्या कंपनींत एंजिनिअर असतां, घरोघर असलेल्या टेलिव्हिजनवर लोकांस खेळतांहि यावें, ही कल्पना १९६६ सालीं त्यांच्या मनांत आली. बिल हॅरिसन व बिल रश या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें त्यांनीं एकामागून एक नमुने केले. १९६८ सालचा नमुना ‘ब्राउन बॉक्स’, म्हणजे तपकिरी पेटी, या नांवानें प्रसिद्ध आहे. कारण लांकडासारखा दिसणारा चिकट कागद तिच्यावर लावलेला होता. याच पेटीवरून मॅग्नव्हॉक्स कंपनीनें १९७२ सालीं ‘ओडिसी’ हें यंत्र बाजारांत आणलें. सारांश, कारखान्यांतून निघालेल्या या लक्षावधि यंत्रांची आजी हातानें केलेली एक ओबडधोबड पेटी होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९७७ सालीं अटारी कंपनीचें यंत्र निघालें. तें पुढें ‘२६००’ या आंकड्यानें ओळखलें जाऊं लागलें. त्याची तात्पुरती स्मृति अवघी १२८ बाइट. एवढ्या जागेंत इंग्रजीचीं १२८ अक्षरें मावतात. पोस्टकार्डावरील दोन-तीन ओळी म्हणाना! संपूर्ण चित्र सांठविण्यास जागाच नसल्यामुळें, टेलिव्हिजनचा किरण पडद्यावर एकेक रेघ ओढीत जाई तसतसें त्या रेघेपुरतें चित्र ऐन वेळीं पुरवावें लागे. असें हें यंत्र टेलिव्हिजनच्या दावणीला बांधलेलें होतें. १९८३ सालीं अमेरिकेंतील हा धंदा बसला, आणि न खपलेल्या कार्ट्रिजांचे ढीग अटारीनें न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या जागेंत पुरून टाकले. २०१४ सालीं तेथें रीतसर उत्खनन झालें, व त्यांतील एक कार्ट्रिज स्मिथसोनियन संग्रहालयांत गेलें. बेअर यांची तपकिरी पेटीहि तेथेंच आहे.

संग्रहालय हा जतनाचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग बेंजामिन हेकेंडॉर्न या विस्कॉन्सिनमधील ग्राफिक कलावंतानें २००० सालीं दाखविला. त्यांनीं जुनें २६०० यंत्र उघडून त्याचें हातांत मावणारें रूप घरीं तयार केलें. पुढें त्यांनीं या विद्येवर पुस्तक लिहिलें, आणि एकाच हातानें चालवितां येतील असे कंट्रोलरहि बनविले. पुष्कळांनीं त्यांचा कित्ता गिरविला.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. जुनें यंत्र आपलें चित्र टेलिव्हिजन केंद्राच्या लहरींचा वेष देऊन बाहेर पाठवितें. लहान पडद्यासाठीं तो वेष चढण्यापूर्वींच तें चिपजवळून उचलावें लागतें. दुसरी अडचण विजेची. भिंतीवरील अॅडॉप्टर ९ व्होल्ट देतो, चिपांस ५ लागतात. उरलेल्या ४ व्होल्टांची शक्ति जुन्या पद्धतींत केवळ उष्णता होऊन जाते. भिंतींतील विजेवर ही उधळपट्टी कोणाच्या लक्षांत येत नाहीं; बॅटरीवर नऊ भागांतील चार भाग असे गमावणें परवडत नाहीं, म्हणून नव्या तऱ्हेचा रेग्युलेटर बसवितात. तिसरें काम सर्वांत धाडसाचें. सर्किट बोर्ड पेटींत मावत नसेल, तर तो करवतीनें कापावयाचा, आणि तुटलेली तांब्याची एकेक रेघ बारीक तारेनें पुन्हां जोडावयाची. एक काप चुकला कीं यंत्र कायमचें मुकें!

येथेंच आमचें मन द्विधा होतें. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करतांना मूळ शिल्पावर ऑइलपेंट फांसणाऱ्यांस आम्हीच दोष देतों. मग या करवतीचें कौतुक कसें करावें? या यंत्रांचे कारखाने केव्हांच थांबले. एक कापलें कीं जगांतलें एक उणें झालें.

परंतु दुसरी बाजू आम्हांस आमच्याच घरानें शिकविली. १९९० नंतरच्या दशकांत जपानी निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला आपल्याकडे घरोघर आल्या. आमच्या चिरंजीवांसाठींहि एक आणली होती. मुलांचें लक्ष उडाल्यावर आम्ही ती नीट कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेविली. आम्ही तिला जतनच म्हणत होतों! वीस वर्षांनीं काढून पाहिली, तों तारा उंदरांनीं कुरतडलेल्या, बटणें चिकटलेलीं. शेवटीं ती भंगारवाल्याच्या गाडीवर गेली. तिच्या पोटांत काय होतें, हें घरांतल्या एकानेंहि कधीं पाहिलें नाहीं. बस्त्यांत बांधलेली पोथी वाळवीनें खाल्ली, आणि नक्कल केलेली पोथी टिकली, असें पूर्वींहि घडलेंच आहे.

म्हणून आमचा निर्णय असा: धडधाकट चालणाऱ्या यंत्रास करवत लावूं नये, मेलेल्यास अवश्य लावावी, काढलेले भाग जपून ठेवावे, आणि काय कापलें, काय जोडलें हें लिहून ठेवावें. अशा रीतीनें काम करणारा कारागीर बेअर यांच्याच मार्गावरचा प्रवासी आहे. तपकिरी पेटी हातानें झाली होती. तिचा वंश कारखान्यांतून हिंडून पुन्हां हातांत आला आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर असें यंत्र असेल, तर भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं तें एकदां लावून पाहावें. चाललें तर तसेंच ठेवावें; न चाललें तर शेजारच्या एखाद्या उद्योगी मुलाच्या हातीं द्यावें.